एकाच चित्रात तीच बाई तीनदा : रेखाटन, कॉमिक्स आणि इटलीचा प्रबोधनकाळ

गोदातीर

आठवीत असताना एलिमेंटरी परीक्षेच्या सरावासाठी आम्हाला स्मरणचित्राचा विषय मिळाला होता : ‘आठवडी बाजार’. जिंतूरचा बाजार मी आईचा पदर धरून दर आठवड्याला पाहत होते, त्यामुळे काय काढायचे याचा विचार करावा लागला नाही. डाव्या कोपऱ्यात हिरव्या लुगड्यातली बाई उकिडवी बसून वांगी निवडते आहे, मध्यभागी तीच बाई डोक्यावर पाटी घेऊन चालली आहे आणि उजवीकडे तीच बाई एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून मागे वळून पाहते आहे, असे ते चित्र होते. शिक्षकांनी मधल्या आणि उजवीकडच्या बाईवर लाल फुली मारली आणि खाली लिहिले, ‘एका चित्रात एक व्यक्ती एकदाच येते.’ तो कागद आजही माझ्याकडे आहे. गेली पस्तीसेक वर्षे मी रेखाटनावरच पोट भरते आहे आणि इतक्या वर्षांत ज्या एका प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही, तो त्या फुलीतून निघालेला आहे.

तीच बाई तीनदा काढायला मला शिकवले होते कॉमिक्सनी. आमच्या बसस्थानकावरच्या पुस्तकांच्या दुकानात इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक भाड्याने मिळत. मामा परभणीहून येताना एखादा नवा अंक आणायचे. त्या काळी मी त्यातल्या वेताळ या नायकाची गोष्ट वाचत नसे, पाहत असे. एका पानावर वेताळ सहा ठिकाणी आहे, तरी वेताळ एकच आहे, हे कोणी समजावून न सांगता मुलाला कसे कळते, याचे मला तेव्हाही नवल वाटे. परीक्षेच्या कागदावर मी फक्त चौकटींच्या रेघा काढल्या नव्हत्या, एवढाच काय तो फरक.

पुढच्या वर्षी शाळेची सहल अजिंठ्याला गेली. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीवर महाजनक जातक, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची गोष्ट, रंगवलेले आहे. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत काहीच दिसत नाही, आणि मग भिंतीतून एकेक माणूस पुढे येऊ लागतो. राजा महालात राणी सीवलीजवळ बसला आहे, समोर नर्तकी नाचते आहे. थोड्या अंतरावर तोच राजा हत्तीवर बसून नगरद्वारातून बाहेर पडतो आहे. पुढे तोच राजा तपस्व्याचा उपदेश ऐकतो आहे आणि आणखी पुढे सगळे सोडून घोड्यावरून निघाला आहे. मध्ये कुठेही चौकट नाही. महालाचे खांब, दरवाजे, झाडे आणि माणसांच्या वळलेल्या माना यांनीच एक प्रसंग संपून दुसरा सुरू होतो. बाकीची मुले पुढच्या लेण्याकडे निघून गेली, मी मात्र राजा मोजत उभी राहिले. माझ्या चित्रावरची फुली चुकीची होती, हे मला त्या अंधारात कळले.

कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षी कलेतिहासाच्या तासाला इटालियन चित्रकार मसाच्चोचे चित्र पडद्यावर आले तेव्हा मी चमकून ताठ बसले. फ्लोरेन्सच्या सांता मारिया देल कार्मिने या चर्चमधील ब्रांकाच्ची प्रार्थनागृहात हे भित्तिचित्र आहे. १४२० च्या दशकाच्या मध्यास काढलेल्या या चित्राचा विषय आहे कर मागायला आलेला अधिकारी. मध्यभागी ख्रिस्त आणि त्याचे शिष्य उभे आहेत, अधिकारी पैसे मागतो आहे आणि ख्रिस्त पीटरला तळ्याकडे बोट दाखवतो आहे. डाव्या टोकाला तोच पीटर पाण्याकाठी वाकून माशाच्या तोंडातून नाणे काढतो आहे. उजव्या टोकाला तोच पीटर ते नाणे अधिकाऱ्याच्या हातावर ठेवतो आहे. पीटर तीनदा, अधिकारी दोनदा. गोष्ट वाचण्याचा क्रमही आधी मधला, मग डावा, मग उजवा असा आहे, आणि बोटांच्या, नजरांच्या दिशेवर आपला डोळा बिनबोभाट त्या क्रमाने फिरतो. हे काढणारा मुलगा तेव्हा पंचविशीच्या आसपास होता आणि १४२८ साली तो रोममध्ये वारलाही.

पुढे या भिंतीसमोर बसून फ्लोरेन्सच्या कित्येक पिढ्यांनी हात बसवला. कोवळ्या वयातल्या मायकेलअँजेलोने मसाच्चोच्या याच पीटरची केलेली नक्कल म्युनिकच्या संग्रहात आजही आहे. शाईच्या आडव्यातिडव्या रेघांनी त्याने झग्याच्या चुण्यांचे वजन असे पकडले आहे की कापड ओले असल्याचा भास होतो. वहीच्या मागच्या पानावर वेताळाच्या मांडीचे स्नायू उतरवून काढणारी मुले मी पाहिली आहेत आणि मी त्यांच्यातलीच एक होते. चांगल्या रेषेवरून हात फिरवत फिरवत शिकणे हा शिकण्याचा सर्वांत जुना मार्ग आहे आणि त्याला ‘कॉपी’ म्हणून हिणवणे मला कधीच पटले नाही.

इटलीच्या त्या काळाबद्दल वाचत गेले तसतसे एक लक्षात आले, की आपण ज्याला प्रबोधनकाळाचे वैभव म्हणतो त्याच्या मुळाशी कच्चे रेखाटन आहे. चित्रकार आणि लेखक वासारीने १५५० मध्ये कलावंतांची चरित्रे छापली आणि त्याच्याच पुढाकाराने १५६३ मध्ये फ्लोरेन्सला कलावंतांची अकादमी स्थापन झाली. त्या अकादमीच्या नावातच ‘दिसेन्यो’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ रेखाटन असाही होतो आणि मनातला आराखडा असाही. चित्र, शिल्प आणि वास्तू ही तिन्ही दिसेन्योची लेकरे, असे वासारी मानत असे. आपल्याकडे विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रातही, आचार्य वाखाणतात ते रेषेलाच, असे म्हटले आहे. फ्लोरेन्सच्या रस्त्यावर आणि आपल्या जुन्या ग्रंथात एकच गोष्ट इतक्या ठामपणे सांगितलेली आढळली की बरे वाटते.

ही कच्ची रेषा एरवी दिसत नाही. पिसाच्या काम्पोसांतो या दफनभूमीच्या भिंतींवर मोठमोठी भित्तिचित्रे होती. २७ जुलै १९४४ रोजी तोफगोळ्याने छपराला आग लागली, छपराचे शिसे वितळून भिंतींवरून वाहिले आणि चित्रांची वाताहत झाली. उरलेली चित्रे वाचवण्यासाठी भिंतीवरून सोलून काढावी लागली, तेव्हा खालच्या गिलाव्यावर लाल मातीच्या रंगाने काढलेली मूळ रेखाटने उघडी पडली. त्यांना ‘सिनोपिया’ म्हणतात आणि आता त्यांचेच एक संग्रहालय तिथे आहे. ही लाल माती म्हणजे आपला गेरू. अजिंठ्याच्या फ्रेस्कोंमध्येही रंगाचा पापुद्रा गळून पडला आहे तिथे नीट पाहिले तर गेरूची पहिली रेघ दिसते. बोटांच्या पेरांवर तिचा वेग कमी झालेला आणि खांद्यावरून ती एका दमात खाली उतरलेली. रंग राजाला देखणा करतो, पण राजा उभा राहतो तो त्या रेघेवर.

माझे म्हणणे इतकेच आहे : स्थिर पृष्ठभागावर काळ उभा करणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, अजिंठ्याचे चितारी, मसाच्चो आणि कॉमिक्स काढणारे हे तिचे एकाच घराण्यातले विद्यार्थी आहेत, आणि ती विद्या रंगाने नव्हे, रेखाटनाने हाताला लागते. ज्यांनी या गोष्टी जवळून पाहिल्या आहेत किंवा स्वतः हाताने केल्या आहेत, त्यांनी आपापले अनुभव इथे लिहावेत.

दख्खनी

गोदातीर ताई, लेखन मनापासून आवडले. एका शब्दाबद्दल मात्र दुरुस्ती सुचवतो. अजिंठ्याच्या चित्रांना फ्रेस्को म्हणणे रूढ झाले असले, तरी ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर नाही. खऱ्या फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावतात, चुना वाळताना रंग त्याच्यात कायमचा बसतो आणि म्हणूनच एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा रोज नव्याने करतात. अजिंठ्याला खडकावर माती, गवताच्या काड्या, भाताचा कोंडा अशा मिश्रणाचा गिलावा आहे, त्यावर चुन्याचा पातळ थर आहे आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावलेले आहेत. ही कोरड्या भिंतीवरची चित्रे आहेत. लिओनार्दोने मिलानला ‘अखेरचे भोजन’ १४९५ ते १४९८ या काळात कोरड्या भिंतीवर रंगवले आणि त्याच्या हयातीतच त्याचे पोपडे निघू लागले. त्यामानाने अजिंठ्याच्या चिताऱ्यांनी आपल्या भिंतीची नाडी किती नेमकी ओळखली होती, हे ध्यानात येते.

दुसरी गोष्ट. इटली आणि अजिंठा यांचा एक प्रत्यक्ष संबंधही आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना तिथल्या पुरातत्त्व खात्याने १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ऑर्सिनी या इटालियन जीर्णोद्धारकांना अजिंठ्याला आणले होते. सुटत चाललेला गिलावा त्यांनी खडकाला पुन्हा चिकटवला आणि त्यामुळे पुष्कळ भाग वाचला. त्यांनी चित्रांवर लाखेच्या रोगणाचा हात दिला होता. तो पुढे पिवळा-काळपट पडला आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना तो पुढे अनेक वर्षे काळजीपूर्वक काढावा लागला. म्हणजे आपल्या भिंतीवर त्या देशाच्या हातांचा लाभही आहे आणि डागही आहे.

शेवटचे, निळ्या रंगाविषयी. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रांतला गडद निळा लाजवर्दाचा आहे. हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई. एक हजार वर्षांनी इटलीत तोच दगड व्हेनिसच्या बंदरात उतरत असे, आणि तिथे तो इतका महाग होता की चित्राच्या करारात त्याचा दर्जा लिहून घेत.

मंजिराकाठ

मी चित्रकार नाही. लातूरला माझे ब्लाउजवरच्या भरतकामाचे दुकान आहे. पण ताईंनी रेखाटनाचा विषय काढला म्हणून धीर करून लिहिते आहे.

नवीन नक्षी आली की आम्ही ती आधी ट्रेसिंग पेपरवर काढतो आणि रेघेवरून सुईने जवळजवळ भोके पाडतो. याला आमच्याकडे खाका म्हणतात. मग खाका कापडावर पसरून, रॉकेलमध्ये कालवलेली नीळ किंवा झिंक पावडर बोळ्याने त्याच्यावरून फिरवायची. कागद उचलला की कापडावर ठिपक्यांची नक्षी उमटलेली असते. बोळा जास्त भिजला तर ठिपके फुटतात आणि वीस हजारांच्या साडीवर डाग पडतो, म्हणून तो हातावर दाबून पाहायची सवय लागते. मागे एका माहितीपटात मी पाहिले की इटलीतले चित्रकार अगदी असेच करत. मोठ्या कागदाला भोके पाडून त्यावर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटत आणि भिंतीवर ठिपके उमटवत. मी घरात सगळ्यांना हाका मारून बोलावले, की बघा, हे तर आपलेच काम आहे. त्या कागदाला ते काय म्हणत, हे कोणी सांगेल काय?

शब्दवेध

विषय चांगला आहे, पण मला दोन शंका आहेत आणि त्या स्पष्टपणे मांडतो. एक, प्रबोधनकाळाने चित्रकलेला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे यथादर्शन, म्हणजे सपाट पृष्ठभागावर जवळ-दूरचे अंतर मापून दाखवण्याची रीत (पर्स्पेक्टिव्ह). इटालियन वास्तुकार अल्बेर्तीने १४३५ मध्ये त्याचे नियम लिहून काढले. यथादर्शनात एक डोळा, एक जागा आणि एक क्षण गृहीत असतो. मग एकाच चित्रात तीन पीटर ही जुन्या मध्ययुगीन पद्धतीची उरलेली खूण नव्हे काय? खुद्द लिओनार्दोनेही एकाच भिंतीवर प्रसंगावर प्रसंग रचण्याच्या प्रथेवर टीका केली आहे. दोन, ही सगळी राजेरजवाड्यांनी आणि चर्चने पोसलेली कला. कॉमिक्स ही छापून बाजारात विकायची वस्तू. दोघांना एका घराण्यात बसवणे मला ओढूनताणून वाटते.

गोदातीर

सर्वांचे आभार. दख्खनी, तुमची दुरुस्ती मान्य आहे. मूळ लेखात बदल केल्यास तुमच्या प्रतिसादाचा संदर्भ तुटेल, म्हणून तो शब्द तसाच ठेवते, पण वाचणाऱ्यांनी तिथे ‘भित्तिचित्रे’ असे वाचावे. चेक्कोनींची हकिकत मला ठाऊक नव्हती.

मंजिराकाठ ताई, तुम्ही विचारलेल्या शब्दातच या धाग्याचे अर्धे उत्तर आहे. भिंतीच्या मापाएवढ्या त्या जाड कागदावरच्या रेखाटनाला इटालियन भाषेत ‘कार्तोने’ म्हणत, म्हणजे मोठा कागद. त्यावरून इंग्रजीत ‘कार्टून’ हा शब्द आला. राफाएलने १५१५-१६ च्या सुमारास पोपच्या प्रार्थनागृहातील विणलेल्या भित्तिपटांसाठी काढलेली अशी सात कार्टून आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. पुढे लंडनच्या नव्या संसद भवनाच्या भिंती रंगवायचे ठरले तेव्हा १८४३ मध्ये चित्रकारांच्या अशाच कार्टूनांचे प्रदर्शन भरले. त्याच वेळी ‘पंच’ साप्ताहिकाने, उपाशी गरिबांना अन्नाऐवजी चित्रे दाखवण्यावर टीका करणारे जॉन लीच यांचे चित्र ‘कार्टून क्रमांक १’ या मथळ्याखाली छापले. तेव्हापासून त्या शब्दाला व्यंगचित्र हा अर्थ चिकटला. म्हणजे राफाएलचा कागद, तुमचा खाका आणि वर्तमानपत्रातले व्यंगचित्र यांचे गोत्र खरोखरच एक आहे.

शब्दवेध, तुमच्या शंका रास्त आहेत. मसाच्चोच्या चित्रात यथादर्शन कच्चे नाही. उजवीकडच्या इमारतीच्या सगळ्या रेषा लांबवत नेल्या तर त्या ख्रिस्ताच्या मस्तकापाशी मिळतात. जागा एकच आहे आणि ती मापून बांधलेली आहे, आणि तरी त्या एका जागेत त्याने तीन क्षण ठेवले आहेत. तो नियम न कळल्यामुळे तसे झालेले नाही. नियम हातात आल्यावर त्याने काळ त्याच्यात बसवून दाखवला. लिओनार्दोची टीका मीही वाचली आहे. पण तो तिथे थांबत नाही. एखाद्या संताचे सगळे जीवन एकाच भिंतीवर दाखवायचे असेल तर मुख्य प्रसंग पुढे मोठा काढावा आणि बाकीचे प्रसंग मागच्या टेकड्यांवर लहान लहान होत जाताना दाखवावेत, असा तोडगाही तो सुचवतो. त्याची तक्रार एकावर एक रचलेल्या निरनिराळ्या क्षितिजांबद्दल आहे. सिस्टीन छतावर मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ मध्ये काम केले, ते तर प्रबोधनकाळाचे भर दुपारचे ऊन. तिथे एकाच चौकटीत मध्ये झाड आहे, डावीकडे आदम आणि ईव्ह फळ घेत आहेत आणि उजवीकडे तेच दोघे हाकलले जात आहेत. डावीकडची ईव्ह भरल्या अंगाची आहे, उजवीकडची अंग चोरून, पाठ वाकवून चाललेली. झाडाचा बुंधा तिथे कॉमिक्समधल्या दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीचे काम करतो.

बोतिचेल्लीची दांतेच्या महाकाव्यावरची रेखाटने मिळाली तर जरूर पाहा. त्यांतील ९२ शिल्लक आहेत, बहुतेक बर्लिनमध्ये आणि सात व्हॅटिकनमध्ये. एकेका पानावर दांते आणि त्याचा वाटाड्या व्हर्जिल हे दोघे वाट चालताना अनेकदा येतात. आणि ज्यांना संवादाच्या फुग्यांत रस आहे त्यांनी कोर्तोना येथील फ्रा अँजेलिकोचे चित्र पाहावे. देवदूताच्या तोंडातून सोनेरी अक्षरे मेरीकडे जातात, तर तिचे उत्तर उलटे लिहिलेले आहे, कारण ते वर असलेल्या देवाला वाचायचे आहे. बोलणारा, ऐकणारा आणि शब्दाची दिशा यांचा इतका सूक्ष्म विचार मी फार थोड्या कॉमिक्समध्ये पाहिला आहे.

बाजाराचे म्हणाल, तर न्युरेंबर्गच्या ड्युररने १४९८ मध्ये पंधरा लाकडी ठशांच्या चित्रांचे पुस्तक स्वतः छापून विकले. पूर्ण पानभर चित्र आणि त्याच्या शेजारच्या पानावर मजकूर, अशी त्याची मांडणी होती. त्याची पत्नी आग्नेस ही छापील चित्रे बाजारात आणि जत्रांत बसून विकत असे. आमच्या बसस्थानकावरच्या दुकानापासून हे मला फारसे दूर वाटत नाही.

शब्दवेध

ड्युररच्या पत्नीची माहिती मला नवी आहे. यथादर्शनाविषयीचे माझे मत मी मागे घेतो, बाजाराविषयीचे अर्धे.

बालाघाट

बीड जिल्ह्यातल्या एका गावात मी कलाशिक्षक आहे. ताईंच्या चित्रावरची फुली वाचून अस्वस्थ झालो, कारण तशी फुली मीही कधी तरी मारली असणार. स्मरणचित्रात आम्ही मुलांना प्रमाण, मांडणी, पुढचे-मागचे अंतर शिकवतो, आणि वेळ दोन तासांची असल्यामुळे एकच क्षण निवडा असे सांगतो. परीक्षेसाठी ते सोयीचे आहे, पण तो चित्रकलेचा नियम आहे असे मुलांच्या मनावर ठसते, हे आज प्रथमच जाणवले.

माझी मुले खोडरबरावाचून एक रेघ मारू शकत नाहीत. मारली की खोडतात, पुन्हा मारतात, कागदाला लव सुटते. ऊसतोडीला आईवडिलांबरोबर जाऊन चार महिन्यांनी परत आलेली मुले तर कोरा कागद समोर आला की घाबरतात. त्यांच्यासाठी काही उपाय असेल तर सांगा. प्रबोधनकाळातले उमेदवार हात कसा बसवत?

गोदातीर

सर, तुमच्या प्रश्नाला मी थोडे सविस्तर उत्तर देते, कारण हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे.

१४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी याने उमेदवारांसाठी कारागिरीचे एक पुस्तक लिहिले. रोज काही ना काही काढल्याशिवाय राहू नका, हे त्याचे सांगणे आहे. तो मुलांना सुरुवातीला हाडाची राख लावलेल्या लाकडी फळीवर चांदीच्या टोकाने रेखाटायला लावतो. शिसपेन्सिल तेव्हा नव्हती. चांदीची रेघ अशा अस्तरावरच उमटते, नुसत्या कागदावर नाही. लिओनार्दोही सांगतो की जवळ नेहमी छोटी वही बाळगावी, रस्त्यात माणसे बोलताना, भांडताना, हसताना दिसली की थोडक्या रेघांत टिपावीत, आणि वहीचा कागद असा अस्तर दिलेला असावा की काढलेले पुसता येऊ नये. त्याच्या टिपणांची सात हजारांच्या आसपास पाने आज उरली आहेत.

मी हे स्वतः करून पाहिले आहे. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला आणली त्या काळापासून तिथे हातकागद बनत आल्याचे सांगतात आणि आजही चिंध्यांच्या लगद्यापासून तो बनतो. तिथला जाड कागद मी आणते. झिंक व्हाइटमध्ये थोडा डिंक घालून त्याचे दोन पातळ हात देते, एक आडवा, एक उभा, आणि वाळल्यावर वाटीच्या बुडाने घोटते. सराफाकडून शुद्ध चांदीची टाचणीएवढी जाड तार घेतली, तिचे टोक दगडावर घासून गोल केले आणि ती जुन्या यांत्रिक पेन्सिलीच्या खोबणीत बसवली. टोक अणकुचीदार राहिले तर अस्तर खरवडले जाते. रेघ उमटते ती इतकी फिकट की पहिल्यांदा वाटते, काही उमटलेच नाही. दाबून काळी होत नाही. पुन्हा पुन्हा हलक्या रेघा शेजारी शेजारी घालाव्या लागतात. आणि खोडता येत नाही. काही महिन्यांनी हवेने चांदी काळवंडते आणि ती करडी रेघ तपकिरी होऊ लागते. माझ्या आईच्या हातांचे मी असे एक रेखाटन केले होते. ती गेल्यानंतर वर्षभराने वही उघडली तेव्हा रेघा गडद झाल्या होत्या.

शाळेत चांदी नको. मुलांना बॉलपेन द्या आणि खोडरबर गोळा करून ठेवा. चुकलेली रेघ तशीच राहू द्यायची आणि तिच्या शेजारी दुसरी घालायची. मायकेलअँजेलोच्या कागदांवर एकेका हाताच्या तीन-तीन शक्यता अशाच शेजारी शेजारी राहिल्या आहेत, हे त्यांना छापील चित्रातून दाखवता येईल. ऊसतोडीहून आलेल्या मुलांना बैलगाडी काढायला सांगा, तीही एक नव्हे. गाडी भरताना, वाटेत आणि कारखान्यावर, सगळे एकाच कागदावर. सांगण्यासारखे त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त आहे.

नाथसागर

मी पैठणचा आहे, म्हणून एक भर घालतो. ‘चित्रकथा’ हा शब्द कॉमिक्ससाठी आपण सहज वापरतो, पण चित्रकथी ही आपल्याकडची जुनी परंपरा आहे. चित्रकथीकडे कागदी चित्रांची पोथी असे. दोन कागद पाठीला पाठ चिकटवलेले, दोन्ही बाजूंना रामायण-महाभारतातले प्रसंग. तो एकेक पान उभे धरून गात गात गोष्ट सांगे आणि पान उलटले की प्रसंग बदले. अशा जुन्या चित्रांच्या एका शैलीला ‘पैठण शैली’ असेच नाव पडले आहे आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती पाहायला मिळतात. मोठे डोळे, एका बाजूने दिसणारे चेहरे, जाड धीट रेघ. पैठणमध्ये आज ही परंपरा राहिलेली नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर समाजाने ती जपली आहे. आमच्या गावाचे नाव ज्या चित्रांना आहे ती पाहायला आम्हाला पुण्याला जावे लागते, याचे मला फार वाईट वाटते.

वेरूळच्या कैलास लेण्याबद्दलही कोणी लिहिले नाही. मंडपाच्या दक्षिण बाजूला रामायण आणि उत्तर बाजूला महाभारत व कृष्णचरित्र, आडव्या ओळींत एकाखाली एक कोरलेले आहे. उभे राहून पाहिले तर आठव्या शतकातले कॉमिक्सचे पानच वाटते.

बालाघाट

ताई, बैलगाडीचा विषय उद्याच देतो. बॉलपेनचा एक खोका आणला आहे. एक विचारायचे राहिले, तुम्ही तो ‘आठवडी बाजार’ पुन्हा काढलात का?

गोदातीर

नाथसागर, कैलासच्या त्या ओळींसमोर मी दोन सकाळी बसले आहे. सकाळचे तिरपे ऊन येते तेव्हा खालच्या ओळीतली माणसे नीट सुटी दिसतात, दुपारी सगळे सपाट होते. कोणाला रेखाटायला जायचे असेल तर लवकर जावे.

सर, तो बाजार मी गेल्या महिन्यात जिंतूरला जाऊन पुन्हा काढला. भाजीवाल्यांची रांग आता पूर्वीच्या जागी नाही, पण बायका वांगी निवडताना तशाच उकिडव्या बसतात आणि बोटाने देठ दाबून पाहतात. या वेळी वांगी निवडणारी बाई मी मसाच्चोसारखी मध्ये घेतली, पाटी घेऊन चाललेली डावीकडे आणि एसटीच्या पायरीवरची उजवीकडे. चौकट घातली नाही. दोन प्रसंगांच्या मध्ये एकदा पालाची काठी घेतली आणि एकदा तराजूची दांडी. वाचणाऱ्याची नजर मधून डावीकडे वळावी म्हणून वांगीवालीचा हात तिकडे केला आहे, पण डावीकडून तिला थेट उजव्या टोकाला न्यायचे, तर मध्ये तीच बसलेली बाई पुन्हा आडवी येते. मसाच्चोने हे कर मागणाऱ्या पाठमोऱ्या अधिकाऱ्याला मध्ये उभे करून सोडवले आहे. त्याचा एक पाय, एक हात आणि मान तिन्ही वेगळ्या दिशांना आहेत. माझ्या बाजारात तसे कोणाला उभे करता येईल, हे पाहण्यासाठी येत्या आठवड्यात पुन्हा जिंतूरला जाणार आहे. बहुधा मोजून पैसे परत देणारा तो फुगेवाला.